मुक्या यंत्राला प्रश्न विचारताना

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



 मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी शाळेपासून बराच दूरचा वाटेल. आपल्या हातांनी रेडिओ संच बांधणे, तो बोलेनासा झाला तर त्याचा दोष शोधणे आणि तो दुरुस्त करून पुन्हा बोलता करणे, असा हा विषय आहे. या छंदाला जगभर हौशी रेडिओ म्हणतात आणि तो जोपासणाऱ्यांना 'हॅम' म्हणतात. बेंगळूरात या छंदाची परंपरा जुनी आहे आणि या नगरीने त्याला थेट अंतराळापर्यंत नेले आहे. परंतु मी हा विषय निवडला त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या मुलांना शाळेत काय मिळावे, या प्रश्नाचे एक उत्तर मला या छंदात दिसते. ते उत्तर आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

प्रथम हौशी रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता, स्वशिक्षणासाठी, परस्परांशी संपर्कासाठी आणि तांत्रिक प्रयोगांसाठी चालवलेली रेडिओ केंद्रे म्हणजे हौशी केंद्रे. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय करारानुसार काही वारंवारता राखून ठेवलेल्या आहेत. आपल्या देशात दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन व समन्वय कक्षाकडून परवाना मिळतो. त्यासाठी रेडिओविज्ञान आणि नियम यांची परीक्षा द्यावी लागते, आणि वरच्या श्रेणीसाठी मोर्स संकेतांचीही. बारा वर्षांची मुलेही या परीक्षेला बसू शकतात, ही गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. परवाना मिळाला की आपल्याला एक संज्ञा मिळते. भारतीय संज्ञा बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. ती संज्ञा हेच त्या माणसाचे हवेतील नाव.

या सेवेचे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. मोबाईल फोन असो वा पोलिसांचा वायरलेस संच, त्यातील ट्रान्समीटर कारखान्यात तयार होतो आणि त्याची तपासणी व मान्यता तो आपल्या हाती येण्यापूर्वीच झालेली असते. वापरणाऱ्याला त्याच्या अंतरंगाशी काही कर्तव्य नसते. हौशी सेवेत परीक्षा यंत्राऐवजी माणसाची होते. माणूस उत्तीर्ण झाला की त्याने स्वतः बांधलेला ट्रान्समीटर तो हवेत आणू शकतो. सर्वसामान्य नागरिकावर शासनाने टाकलेला हा विश्वास लहान नाही. त्या विश्वासातच जबाबदारीही आली. आपला संच दुसऱ्याच्या वारंवारतेवर अतिक्रमण करीत नाही, हे पाहणे बांधणाऱ्याचेच काम असते.

आता आपल्या देशात लोकांनी रेडिओ हाताने का बांधले, ते पाहू. हौसेइतकेच त्याला टंचाईही कारण होती. स्वातंत्र्यानंतरच्या कित्येक दशकांत परदेशी संच आणणे आयात परवाने आणि जकातीमुळे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. महायुद्धानंतर लष्कराने निकालात काढलेले साहित्य जुन्या बाजारात येई. त्यातील व्हॉल्व्ह, कंडेन्सर आणि रोहित्रे यांतून संच उभे राहत. बेंगळूरची गोष्ट आणखी थोडी वेगळी. येथे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक कारखाने सुरू झाले. टेलिफोन, वायरलेस, व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टर या गोष्टी जाणणाऱ्या तंत्रज्ञांची वस्तीच या शहरात निर्माण झाली. सादर पत्रप्पा रस्ता, ज्याला सारे एस. पी. रोड म्हणतात, तो आजही सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, तसा बेंगळूरकरांना एस. पी. रोड.

हाताने रेडिओ बांधता येणे याचे मोल किती असू शकते, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईच्या इतिहासात आहे. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली, तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने सरकारने रद्द केलेले होते. तरीही रेडिओचे जाणकार नरिमन प्रिंटर यांनी या केंद्रासाठी ट्रान्समीटर जुळवून दिला. केंद्राची जागा पुनःपुन्हा बदलली जाई. प्रक्षेपण ४२.३४ मीटर तरंगलांबीवर होत असे. हिशेब केला तर ही वारंवारता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे आज हौशी रेडिओचालक ज्या ४० मीटरच्या पट्ट्यात रोज संध्याकाळी गप्पा मारतात, नेमका तोच पट्टा. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले आणि उषाताईंना कारावास भोगावा लागला. या कथेत धैर्य आहेच, परंतु सुटे भाग जुळवून यंत्र बोलते करणारे हातही आहेत. ते नसते तर तो आवाज लोकांपर्यंत पोहोचला नसता.

आता अलीकडच्या काळात येऊ. या शतकाच्या पहिल्या दशकात हैदराबादच्या अशहर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाच्या संचाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यांची हवेतील संज्ञा व्हीयू२ईएसई. एक मोठी अडचण त्यांच्यापुढे होती. परदेशी आराखड्यांत सांगितलेले चुंबकीय गाभे आणि खास भाग आपल्याकडच्या गावांत मिळत नाहीत, आणि ते मागवणे विद्यार्थ्याला परवडत नाही. म्हणून त्यांनी साध्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपासूनच आराखडा सुरू केला. नेहमीचे स्वस्त ट्रान्झिस्टर, संगणकाच्या पाट्यांवर असतात तसले १० मेगाहर्ट्झचे स्फटिक, आणि वेटोळे गुंडाळण्यासाठी चक्क नळाचा नायलॉनचा वॉशर! हा वॉशर निव्वळ काटकसरीची युक्ती नव्हता. चुंबकीय गाभ्याचे गुणधर्म तापमानाबरोबर बदलतात आणि वारंवारता सरकू लागते. नायलॉनला तो दोष फारसा नसतो. टंचाईतून निघालेला उपाय येथे शास्त्राच्या कसोटीलाही उतरला.

बिटएक्सची रचना समजायला कठीण नाही, आणि आपल्या विषयासाठी ती समजून घेणे आवश्यक आहे. समजा, १४ मेगाहर्ट्झवरून कोणी बोलत आहे. संचात ४ मेगाहर्ट्झच्या आसपास बदलता येणारा एक ऑसिलेटर असतो. आलेला संकेत आणि हा ऑसिलेटर यांचे मिश्रण केले की १० मेगाहर्ट्झचा संकेत मिळतो, कारण चौदातून चार गेले की दहा उरतात. हा संकेत स्फटिकांच्या गाळणीतून जातो. गाळणी केवळ मानवी आवाजाला पुरेल एवढीच अरुंद पट्टी पुढे जाऊ देते. पुढे १० मेगाहर्ट्झच्या दुसऱ्या ऑसिलेटरशी पुन्हा मिश्रण झाले की माणसाचा आवाज कानी पडतो. बोलताना हीच वाट उलट दिशेने चालायची. आवाज, १० मेगाहर्ट्झ, गाळणी, १४ मेगाहर्ट्झ आणि अँटेना. गाळणी तीच, मिश्रक तेच, ऑसिलेटर तेच. एकाच पुलावरून येणारी आणि जाणारी वाहतूक आळीपाळीने सोडावी, तशी ही योजना आहे. शक्ती सुमारे ६ वॅट, म्हणजे घरातल्या लहानशा एलईडी दिव्याइतकी. अवकाशातील आयनांबर अनुकूल असेल तर एवढ्या शक्तीवर दुसऱ्या खंडातील माणसाशी बोलता येते.

या रचनेत दुरुस्तीचे एक मर्म दडलेले आहे. ऐकणे आणि बोलणे यांचे बरेच भाग सामाईक असल्यामुळे, संच नीट ऐकत असेल तर बोलण्याच्या वाटेचा मोठा भाग आपोआप सिद्ध झालेला असतो. मग आवाज बाहेर जात नसेल तर दोष फक्त उरलेल्या भागात शोधायचा. चांगला आराखडा यंत्र चालवण्यापुरता नसतो. यंत्र बिघडल्यावर कोठे पाहावे, तेही तो सांगून ठेवतो.

फरहान यांचा आराखडा देशोदेशींच्या हौशी मंडळींनी उचलला. पुढे त्याच नावाच्या तयार पाट्या हैदराबादेत बनू लागल्या आणि त्यांवरील वेटोळी तेथील महिलांच्या एका गटाने हाताने गुंडाळली. पण आराखडा हाती आल्याने संच होत नाही. तो बांधावा लागतो, आणि बांधलेला संच पहिल्या खटक्याला बोलला, असे क्वचितच घडते. खरे शिक्षण तेथून सुरू होते.

संच बांधण्याची एक साधी रीत आहे. तांब्याचा पत्रा चिकटवलेली कोरी पाटी घ्यायची. तांबे ही सर्वांची सामाईक जमीन. ज्या भागाचे टोक जमिनीला जोडायचे ते थेट तांब्यावर सोल्डर करायचे आणि उरलेली टोके हवेतच एकमेकांना जोडायची. दिसायला हे बांधकाम विद्रूप दिसते, पण जोडण्या आखूड राहतात, प्रत्येक बिंदूवर मल्टिमीटरची सुई टेकवता येते आणि एखादा भाग काढून बदलणे सोपे जाते. यातला नियम एकच. सारे भाग एकदम जोडून नंतर वीज द्यायची नाही. एक टप्पा बांधायचा, तपासायचा, तो चालला की पुढच्याला हात घालायचा. स्पीकरजवळचा ध्वनिवर्धक आधी, अँटेनाजवळचा भाग शेवटी. म्हणजे प्रत्येक नव्या टप्प्याची परीक्षा घ्यायला मागचा सिद्ध टप्पा हाताशी असतो.

तरीही संच मुका राहिला तर काय करायचे? नवशिका बहुधा एकेक भाग बदलत सुटतो. अनुभवी माणूस हात मागे घेऊन प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न डोळ्यांना आणि नाकाला. काही जळल्याचा वास आहे का, एखादा भाग उलटा बसला आहे का, सोल्डरचा सांधा चकचकीत आहे की मळकट? मळकट, दाणेदार सांधा वरून जोडलेला दिसतो, पण आतून सुटा असू शकतो. दुसरा प्रश्न विजेला. १२ व्होल्ट प्रत्येक टप्प्यापर्यंत पोहोचतात का? सिलिकॉन ट्रान्झिस्टर योग्य रीतीने काम करीत असेल तर त्याच्या बेस आणि एमिटर या दोन टोकांत सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्टचा फरक मिळतो. तो शून्य किंवा भलताच आला तर तेथे थांबून विचार करायचा.

तिसरा प्रश्न मधोमध विचारायचा. समजा संचात एकामागोमाग आठ टप्पे आहेत. एका टोकापासून तपासत गेलो तर आठव्या टप्प्यापर्यंत जावे लागेल. त्याऐवजी चौथ्या टप्प्यानंतर पाहायचे. तेथपर्यंत संकेत येतो का? येत असेल तर पहिले चार निर्दोष. मग उरलेल्या चारांच्या मध्यावर पाहायचे. अशा तीन प्रश्नांत दोषी टप्पा सापडतो. महागडी उपकरणे नसली तरी अडत नाही. ध्वनिवर्धकाच्या सुरुवातीच्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचे लोखंड बोट लावून टेकवले तर स्पीकरमधून घरातील विजेची घरघर ऐकू येते. ऐकू आली तर पुढचा सारा भाग ठीक आहे. वैद्याने नाडी पाहावी तशी ही तपासणी. मात्र ती १२ व्होल्टच्या संचापुरतीच! घरच्या विजेवर चालणारा किंवा जुना व्हॉल्व्हचा संच उघडून असे काही करणे जिवावर बेतते. त्यांत शेकडो व्होल्ट असतात, आणि वीज बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये काही काळ टिकून राहतात.

काही दोष संच बंद पाडत नाहीत, आपल्याला फसवतात. बाजारात बीसी ५४७ आणि २एन३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर दिसायला सारखे आणि बऱ्याच कामांत एकमेकांची जागा घेणारे. पण सपाट बाजू आपल्याकडे धरून पाय खाली केले, तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर असे. एकाच्या जागी दुसरा तसाच बसवला तर टप्पा पूर्णपणे मरत नाही, अशक्तपणे चालतो. आवाज येतो, पण विहिरीतून आल्यासारखा. मग माणूस अँटेनाला दोष देतो, बॅटरीला दोष देतो, हवामानाला दोष देतो. कधी ध्वनिवर्धक स्वतःच शिट्टी घालू लागतो, कारण बाहेर पडणारी तार आत येणाऱ्या तारेच्या शेजारून गेलेली असते. कधी सकाळी जुळवलेली वारंवारता दुपारपर्यंत सरकते, कारण ऑसिलेटर उघड्यावर आहे आणि पंख्याचा वारा त्याला लागतो आहे. त्याला डबीत बंद केले की तो स्थिरावतो. अशा प्रत्येक दोषाला कारण असते आणि ते शोधले की सापडते. हा विश्वास ज्या मुलाच्या मनात एकदा रुजला, ते मूल पुढे कोणत्याही क्षेत्रात गेले तरी तो विश्वास त्याच्याबरोबर जातो.

बोलण्याच्या यंत्राची तपासणी करताना आणखी एक शिस्त पाळावी लागते. ट्रान्समीटर प्रथमच अँटेनाला जोडत नाहीत. त्याची शक्ती एका कृत्रिम भारात जिरवतात. १ किलो-ओहमचे २० रोधक समांतर जोडले की ५० ओहमचा भार तयार होतो. त्यावर २४.५ व्होल्टचे शिखर मोजले गेले, तर शक्ती ६ वॅट आहे असे गणिताने समजते. मुख्य वारंवारतेच्या दुपटीवर, तिपटीवरही थोडी शक्ती गळत असते. १४ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याचा कचरा २८ आणि ४२ वर पडतो. तो अडवण्यासाठी शेवटी आणखी एक गाळणी लावावी लागते. शेजाऱ्याच्या अंगणात आपला कचरा पडू नये, हा नागरिकशास्त्राचा धडा येथे विद्युतशास्त्रात भेटतो.

मी सुरुवातीला अंतराळाचा उल्लेख केला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६ या यानाने कार्टोसॅट-१ बरोबर 'हॅमसॅट' नावाचा ४२.५ किलो वजनाचा छोटा उपग्रह कक्षेत सोडला. खास हौशी रेडिओचालकांसाठी इस्रोने बेंगळूरच्या उपग्रह केंद्रात तो घडवला होता. हौशी जगात त्याला व्हीओ-५२ म्हणतात. जमिनीवरून ४३५ मेगाहर्ट्झवर आलेला आवाज पकडून तो १४५ मेगाहर्ट्झवर परत पाठवण्याचे काम तो करी, आणि तेही केवळ १ वॅटच्या आसपासच्या शक्तीवर. त्याच्यावर हे काम करणारे दोन संच होते. एक भारतीय हौशी मंडळींनी इस्रोच्या साहाय्याने विकसित केलेला आणि दुसरा नेदरलँड्समधील एका हौशी रेडिओचालक विद्यार्थ्याने बांधलेला. एका विद्यार्थ्याच्या हातचे काम आपल्या यानावर स्वार होऊन ६०० किलोमीटरहून अधिक उंचीवर गेले!

उपग्रह दर सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. त्यामुळे दूरवरून येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या गाडीच्या शिट्टीचा स्वर बदलावा, तशी त्याची वारंवारता १४५ मेगाहर्ट्झवर सुमारे ३ किलोहर्ट्झने वरखाली सरकते. हॅमसॅटची रचना अशी होती की चढत्या वारंवारतेची पट्टी उतरताना उलटी होई, त्यामुळे जाताना आणि येताना पडणारे दोन फरक काही अंशी एकमेकांना छेद देत. ऐकणाऱ्याला मात्र डायल हलवत राहावेच लागे. त्याच्यासाठी लागणारी अँटेनाही घरी होण्यासारखी. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे दोन मीटर, म्हणून साधी द्विध्रुव अँटेना जेमतेम एक मीटर लांबीची. ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि लाकडी दांडा यांतून ती होते.

अंतराळात मात्र सोल्डरची इस्त्री घेऊन कोणी जाऊ शकत नाही. तेथे दुरुस्ती जमिनीवरच, आधीच करून ठेवावी लागते. प्रत्येक सांधा कसा तुटेल, प्रत्येक भाग कसा दगा देईल, याचा विचार उड्डाणापूर्वी झालेला असतो आणि म्हणूनच एकाऐवजी दोन संच पाठवले जातात. हॅमसॅटने नऊ वर्षांहून अधिक काळ सेवा केली. जुलै २०१४ मध्ये त्यावरील लिथियम-आयन बॅटरी निकामी झाली आणि तो थांबला. दोष शोधण्याची विद्या आणि दोष होऊ न देण्याची विद्या एकच आहे. पहिली शिकल्याखेरीज दुसरी येत नाही.

या विद्येची गरज केव्हा भासेल, हे आधी सांगता येत नाही. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. जगभरच्या हॅम मंडळींना त्या दुर्मीळ बेटांशी संपर्काची संधी द्यावी, एवढाच त्यांचा हेतू. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीचे दूरध्वनी कोलमडले तेव्हा याच छंदाच्या संचांवरून बेटांची खबर मुख्य भूमीला पोहोचू लागली. अशा वेळी कारखान्याचे सेवा केंद्र उपलब्ध नसते. तुटलेली अँटेना उभारणे, मोटारीच्या बॅटरीवर संच चालवणे, बिघाड हातोहात काढणे, हे ज्याला येते तोच उपयोगी पडतो.

पालकहो, आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या मुलांच्या हातांत आज आमच्या पिढीच्या कल्पनेपलीकडची यंत्रे आहेत. पण त्यांतील बहुतेक उघडण्यासाठी बनवलेलीच नसतात. बिघडले की टाकायचे, नवे आणायचे. प्रयोगशाळेतही उत्तर आधीच छापलेले असते आणि प्रयोग त्या उत्तरापाशी आणून पोहोचवायचा असतो. जेथे उत्तर कोणालाच ठाऊक नाही, शिक्षकांनाही नाही, अशा प्रश्नापुढे मूल बसलेले आपण केव्हा पाहतो? बोलेनासा झालेला संच असा प्रश्न रोज पुढे ठेवतो. त्याला धाक दाखवून चालत नाही, वशिला लावून चालत नाही, पाठांतराने तर तो मुळीच बोलत नाही.

येथेच मातृभाषेचा मुद्दा येतो. मराठी माध्यमात शिकून मूल तंत्रज्ञानाच्या जगात मागे पडेल का, ही चिंता अनेक घरांत आहे, आणि ती खोटी म्हणून झटकून टाकू नये. इंग्रजी यायलाच हवे. भागांची माहितीपत्रके इंग्रजीत असतात, हवेतील संभाषणही बहुधा इंग्रजीत चालते. परंतु दोष शोधताना मनात जे चालते, 'येथपर्यंत येते, पुढे जात नाही, मग मध्ये काय आहे?', ते संभाषण माणूस ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत होते. आपल्या शाळेने ज्याला 'धारित्र' म्हणून शिकवले, त्यालाच बाजारात 'कंडेन्सर' म्हणतात आणि माहितीपत्रकात 'कपॅसिटर'. एस. पी. रोडवर तो कन्नडात मागितला तरी मिळतो. वस्तू ज्याला कळली त्याला तिन्ही नावे एका दिवसात येतात. वस्तू न कळता केवळ नाव आले, तर ते कोणत्याही भाषेतले असो, संच मुकाच राहतो. धारित्र या शब्दातच 'धारण करणे' आहे. विद्युतभार धरून ठेवणारे ते धारित्र. आपली भाषा मुलाला अर्थाच्या दारापर्यंत आणून सोडते. पुढे हातांना काम देणे आपल्याकडे आहे.

म्हणून या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. शाळेच्या प्रयोगशाळेत एक कायमचे टेबल असावे. त्यावर सोल्डरची इस्त्री, दोन मल्टिमीटर, १२ व्होल्टचा सुरक्षित वीजपुरवठा, तांब्याच्या कोऱ्या पाट्या आणि रोधक, धारित्रे, ट्रान्झिस्टर यांचे खण असावेत. खिडकी उघडी असावी, कारण सोल्डरचा धूर श्वासात जाऊ नये. डोळ्यांना चष्मा असावा. आठवीच्या मुलांनी प्रथम ऐकण्याचा साधा संच बांधावा. बोलण्याच्या संचासाठी परवाना लागतो, तेव्हा ज्यांना गोडी लागेल त्यांनी परीक्षेची तयारी करावी आणि पुढे शाळेचे स्वतःचे हौशी केंद्र उभे राहावे. अँटेना उभारताना ती विजेच्या तारांपासून दूर राहील, हे वडीलधाऱ्यांनी जातीने पाहावे. मुलींना या टेबलापासून दूर ठेवण्याची चूक आपण करू नये. उषा मेहता आणि भारती प्रसाद यांची नावे मी आज मुद्दाम घेतली आहेत.

या टेबलाशेजारी एक वही ठेवावी. कोणता संच, कोणती लक्षणे, कोणते प्रश्न विचारले, दोष कोठे निघाला, हे प्रत्येक मुलाने त्या वहीत स्वच्छ मराठीत लिहावे. दहा वर्षांनी ती वही शाळेचे एक मौल्यवान पुस्तक होईल, कारण त्यात आमच्या मुलांनी स्वतः शोधलेली उत्तरे असतील. बेंगळूरात राहणारे आपल्यापैकी अनेक जण इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचाराच्या क्षेत्रांत आहेत. वर्षातून एक शनिवार त्या टेबलासाठी द्यावा, इतकेच मी त्यांना सुचवतो. पैशाने टेबल घेता येईल, पण त्याच्याशी बसून 'थांब, आधी मध्यावर पाहू' असे म्हणणारा माणूस पैशाने मिळत नाही.